मेदाचे मापन आणि डायालिसिसवरील रुग्णांचे आयुर्मान : एका विरोधाभासाची चिकित्सा

१

‘विरोधाभास’ हा शब्द मराठीने अलंकारशास्त्रातून घेतला आहे. जेथे दोन विधाने वरवर पाहता परस्परांशी भांडताना दिसतात, परंतु अर्थ नीट लावला असता ते भांडण मिटते, तेथे हा अलंकार होतो. विरोध खरोखरीचा असेल व तो मिटत नसेल, तर तो अलंकार नव्हे, दोष होय. आधुनिक वैद्यकात गेली काही दशके एका विधानाविषयी असाच वाद चालू आहे. ज्यांची मूत्रपिंडे पूर्णपणे निकामी झाली आहेत आणि ज्यांचे जीवन डायालिसिसवर अवलंबून आहे, अशा रुग्णांमध्ये स्थूल माणसे कृश माणसांपेक्षा अधिक काळ जगतात, असे ते विधान आहे. सर्वसामान्य माणसांविषयी वैद्यक जे सांगते त्याच्या हे नेमके उलट आहे. २००२ साली हृदयरोग्यांच्या संदर्भात अशाच निरीक्षणाला ‘स्थौल्याचा विरोधाभास’ हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, डायालिसिसच्या संदर्भात ‘उलटे रोगपरिस्थितिविज्ञान’ अशी संज्ञा रूढ करण्यात आली.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे. या विषयाकडे लक्ष वळण्याचे कारण घरगुती आहे. लेखकाचे एक वयोवृद्ध मामा काही वर्षांपासून डायालिसिसवर आहेत. त्यांना एका सल्लागाराने वजन उतरवावयास सांगितले, तर दुसऱ्याने वजन मुळीच उतरू देऊ नका असे बजावले. दोघेही जाणकार होते आणि दोघांनीही प्रमाणभूत संशोधनाचा हवाला दिला होता. अशा वेळी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न मामांच्या दृष्टीने केवळ पांडित्याचा नव्हता. त्याचा शोध घेताना असे आढळले की, या वादाचा बराच भाग मापनाचा आहे, आणि मापनाचा प्रश्न हा पुष्कळसा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. एखादा आकडा कोणत्या वस्तूचा वाचक आहे, हे ठरल्याखेरीज त्या आकड्यावरून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ येत नाही. म्हणून हा विषय आपल्या विभागाच्या पत्रिकेत मांडणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते.

२

प्रथम निरीक्षणांचा इतिहास पाहू. विलेम कोल्फ यांनी जर्मन-व्याप्त हॉलंडमध्ये १९४३ साली फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. परंतु एकाच रुग्णाला पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे डायालिसिस देणे शक्य झाले ते १९६० साली सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळीची योजना केल्यानंतर. डायालिसिसवर माणूस किती वर्षे जगतो आणि कोण अधिक जगतो, हा प्रश्नच त्यापूर्वी संभवत नव्हता.

१९८२ साली फ्रान्समधील १,४५३ रुग्णांच्या एका सामूहिक अभ्यासाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, उंचीच्या मानाने ज्यांचे वजन अधिक होते त्यांचा मृत्युदर अधिक नव्हता. उलट ज्यांचे वजन कमी होते तेच अधिक दगावत होते. त्या वेळी या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९९८ मध्ये ३,६०७ अमेरिकन रुग्णांच्या अभ्यासात आणि १९९९ मध्ये आणखी १,३४६ रुग्णांच्या अभ्यासात तीच दिशा दिसून आली. त्यानंतर मोठमोठ्या नोंदसंग्रहांतून तेच चित्र वारंवार समोर आले, आणि हे निरीक्षण योगायोगाचे आहे असे म्हणण्यास जागा उरली नाही.

निरीक्षण खरे असले तरी त्याचा अर्थ काय, हा प्रश्न राहतोच. या सर्व अभ्यासांत ‘स्थौल्य’ या शब्दाने प्रत्यक्षात एक साधा भागाकार दर्शविला जात होता. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार-निर्देशांक मिळतो. व्यवहारात त्यालाच बीएमआय म्हणतात. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुचविले. केतले यांना स्थौल्याचे निदान करावयाचे नव्हते. मानवी देहाच्या प्रमाणांतील नियम त्यांना शोधावयाचे होते. १९७२ साली अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांवरून हे सूत्र इतर सूत्रांपेक्षा सोयीचे असल्याचे दाखविले, आणि त्याला आजचे नाव दिले. जनसमूहाच्या अभ्यासासाठी ते सोयीचे आहे यात शंका नाही. मात्र जे समूहाचे वर्णन करते ते व्यक्तीचेही तितक्याच अचूकपणे वर्णन करते, असे गृहीत धरणे ही एक घसरण आहे.

३

या निर्देशांकात काय काय सामावते? त्यात हाडे, स्नायू, मेद आणि पाणी असे सर्वच येते. निरोगी माणसाच्या शरीरातील पाणी दिवसादिवसाला फारसे बदलत नाही. म्हणून पाण्याचा विचार सोडून दिला तरी चालते. डायालिसिसवरील रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकीत नसल्यामुळे दोन डायालिसिसांच्या मधल्या काळात त्याचे वजन दोन-तीन किलोग्रॅमने सहज वाढते. १.६ मीटर उंचीच्या आणि ६० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णाचा निर्देशांक २३.४ येतो, अंगात दोन किलोग्रॅम पाणी साचले की तोच २४.२ होतो. येथे मेदाचा एक कणही वाढलेला नसतो. याच कारणासाठी डायालिसिस संपल्यानंतरचे, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यानंतरचे, ‘कोरडे वजन’ हिशेबात धरतात.

पाण्याचा हिशेब काढून टाकला तरी स्नायू आणि मेद यांचा घोटाळा राहतोच. या बाबतीत पुण्याशी संबंधित एक उदाहरण बोलके आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक अगदी समान, २२.३ होता. परंतु क्ष-किरणांच्या साह्याने शरीरघटकांचे मापन केले असता युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद आढळला, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे चिन्ह एकच, आणि त्याने दर्शविलेल्या वस्तू दोन. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार नवा नाही. एकाच ध्वनिरूपाला दोन अर्थ असले की संदर्भाने निवाडा करावा लागतो. संदर्भ टाळून केवळ रूपावर विसंबले की गफलत होते.

आपली व्यवहारातील मराठी या बाबतीत निर्देशांकापेक्षा अधिक सावध आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वजनाने हलक्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाला आपण ‘काटक’ म्हणतो, तर दुसऱ्याला ‘खंगलेला’. पहिल्या शब्दात स्नायूंचा कणखरपणा आहे, दुसऱ्यात झीज आहे. ‘रोड’ हे विशेषण स्थिती सांगते. ‘रोडावणे’ हे क्रियापद काळाच्या ओघात झालेला बदल सांगते. जड माणसांच्या बाबतीतही तेच आहे. ‘अंगाने भरलेला’ आणि ‘पोट सुटलेला’ या दोन वर्णनांत मेदाचे स्थान कोठे आहे हा भेद व्यक्त होतो. दुखण्यातून उठलेला माणूस सावरू लागला की ‘त्याने अंग धरले’ असे आपण म्हणतो, आणि त्यात समाधान असते. निर्देशांकाला यांपैकी एकही भेद कळत नाही. स्थिती आणि बदल, स्नायू आणि मेद, पोट आणि उरलेले शरीर हे तीन भेद पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहेत.

४

मेदाचे प्रत्यक्ष मापन करण्याच्या अनेक रीती आहेत. सर्वांत जुनी व स्वस्त रीत म्हणजे त्वचेची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजणे. दंडाची मागची बाजू, दंडाची पुढची बाजू, खांद्याच्या फऱ्याखालची जागा आणि कमरेच्या हाडावरची जागा या चार ठिकाणी ही मापे घेतात. डायालिसिसच्या रुग्णाच्या एका हातात रक्तवाहिन्यांची जोडणी केलेली असते, म्हणून माप दुसऱ्या हाताचे घेतात, आणि तेही पाणी काढून टाकल्यावर. दुसरी रीत क्षीण विद्युतप्रवाहाला शरीराकडून होणारा विरोध मोजण्याची. येथे पाण्याचे प्रमाण बदलले की उत्तरही बदलण्याचा संभव असतो. तिसरी रीत दंडावर अवरक्त किरण सोडून त्यांचे परावर्तन पाहण्याची. दोन तीव्रतांच्या क्ष-किरणांची पद्धत यांहून अधिक अचूक मानली जाते. मात्र तिला महागडे यंत्र लागते.

अवरक्त किरणांच्या रीतीने केलेला एक महत्त्वाचा अभ्यास २००६ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. त्यात हिमोडायालिसिसवरील ५३५ प्रौढ रुग्णांचा मेद मोजून त्यांचा ३० महिने मागोवा घेण्यात आला. ज्यांच्या शरीरात १२ टक्क्यांहून कमी मेद होता त्यांचा मृत्यूचा धोका, २४ ते ३६ टक्के मेद असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे चौपट आढळला. वय, लिंग इत्यादी बाबी, दंडातील स्नायूंचा घेर, रक्तातील क्रिअॅटिनिन आणि दाहाची द्रव्ये यांचा हिशेब वजा करूनही हे प्रमाण टिकले. या ‘चौपट’ची संख्याशास्त्रीय मर्यादा मात्र बरीच रुंद होती, खरे प्रमाण दीडपटीच्या किंचित वरपासून जवळजवळ दहापटीपर्यंत कोठेही असू शकले असते. दिशा निश्चित आणि परिमाण अनिश्चित, असा या आकड्याचा अर्थ घ्यावयास हवा.

या अभ्यासाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. सहा महिन्यांनंतर ४११ रुग्णांचा मेद पुन्हा मोजण्यात आला. ज्यांचा मेद एक टक्का वा अधिक घटला होता, त्यांचा मृत्यूचा धोका, ज्यांचा मेद एक टक्का वा अधिक वाढला होता त्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. म्हणजे ‘रोड’ असण्याइतकेच ‘रोडावणे’ही अशुभसूचक ठरले. आणि तिसरी गोष्ट, जिचा उल्लेख सहसा गाळला जातो : ज्यांच्या शरीरात मेद अधिक होता, त्यांनी आपल्या जीवनाच्या गुणवत्तेविषयी दिलेली उत्तरे मात्र क्रमाक्रमाने कमी समाधानाची होती. अधिक जगणे आणि अधिक सुखाने जगणे या दोन गोष्टी येथे एका रेषेत नव्हत्या.

५

मेदाचे हे ‘संरक्षण’ सर्वत्र सारखे आहे काय? दोन अभ्यास या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतात.

२००३ साली अमेरिकेतील सुमारे ७०,००० नव्या हिमोडायालिसिस रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात स्नायूंच्या प्रमाणाचा अंदाज चोवीस तासांच्या मूत्रातील क्रिअॅटिनिनवरून बांधला होता. क्रिअॅटिनिन स्नायूंत तयार होते, म्हणून ते स्नायूंचे सूचक ठरते. निर्देशांक अधिक आणि स्नायूही पुरेसे, अशा रुग्णांचा मृत्यूचा धोका सर्वसाधारण निर्देशांक व पुरेसे स्नायू असलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी होता. परंतु निर्देशांक अधिक आणि स्नायू कमी, अशांचा धोका त्याच तुलनेत सुमारे १४ टक्के अधिक होता. एकाच निर्देशांकाखाली परस्परविरुद्ध नशिबाची माणसे दडलेली होती.

दुसरा अभ्यास दक्षिण इटलीतील ५३७ रुग्णांचा, २००९ सालचा आहे. त्यात कमरेचा घेर स्वतंत्रपणे मोजला होता. निर्देशांक वाढला की मृत्यूचा धोका कमी होत होता, हे येथेही दिसले. पण निर्देशांक समान ठेवून पाहिले असता कमरेचा घेर जितका अधिक तितका मृत्यूचा धोका अधिक निघाला. सामान्य माणसांच्या बाबतीत वैद्यक जे सांगते तेच डायालिसिसच्या रुग्णांच्या पोटावरील मेदाविषयीही खरे ठरले.

म्हणजे ‘स्थूल माणसे अधिक जगतात’ या वाक्यातील ‘स्थूल’ हे पद फोडून पाहिले असता विरोधाचा मोठा भाग विरतो. स्नायूंसह भरलेले अंग लाभदायक दिसते, त्वचेखालील मेदाचा साठा बहुधा उपकारक असतो, सुटलेले पोट मात्र येथेही घातकच.

६

उरलेल्या भागाचे स्पष्टीकरण काळ, निवड आणि कार्यकारणभाव या तीन मुद्द्यांनी करता येते.

पहिला मुद्दा काळाचा. अतिपोषणाने होणारी हानी दशकादशकांनी प्रकट होते; कुपोषणाची हानी महिन्यांत होते. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींनुसार हिमोडायालिसिस सुरू झाल्यापासून पाच वर्षांनी निम्म्याहून कमी रुग्ण हयात असतात. जेथे आयुष्याचा पल्लाच आखूड, तेथे मंद गतीच्या शत्रूला वार करण्यास अवसर मिळत नाही. नेदरलँड्समधील २००७ सालच्या एका अभ्यासात डायालिसिसच्या रुग्णांची तुलना त्याच वयाच्या सामान्य लोकांशी, समान कालावधीसाठी करण्यात आली. तेव्हा दोन्ही गटांत निर्देशांक व मृत्यू यांचे नाते सारख्याच स्वरूपाचे आढळले. याच देशातील २०१२ सालच्या अभ्यासात ६५ वर्षांखालील स्थूल रुग्णांचा मृत्युदर वाढलेला दिसला. तरुण रुग्णाच्या बाबतीत म्हणून स्थौल्याला निरुपद्रवी मानता येत नाही.

दुसरा मुद्दा निवडीचा. मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्यांपैकी पुष्कळ जण डायालिसिसपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात. जे पोहोचतात ते एका अर्थी गाळून उरलेले असतात. शिवाय स्थौल्य स्वतःच मूत्रपिंडे बिघडवू शकते. तेव्हा जो कृश माणूस डायालिसिसवर आला तो बहुधा दुसऱ्या, कदाचित अधिक क्रूर, रोगाने आला. अशा समूहात कृशांची स्थूलांशी केलेली तुलना सरळ राहत नाही.

तिसरा मुद्दा कार्यकारणभावाचा, आणि येथे मराठी व्याकरण आपल्या उपयोगी पडते. ‘जगणे’ हे मूळ क्रियापद, ‘जगवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. ‘अधिक मेद असलेले रुग्ण अधिक जगले’ हे वाक्य निरीक्षणाने सिद्ध होते. ‘मेदाने रुग्णांना जगविले’ हे वाक्य त्यातून आपोआप निघत नाही. त्यासाठी मेदाला प्रयोजक कर्तृत्व द्यावे लागते, आणि ते देण्यास पुरावा वेगळा लागतो. कृशतेने मृत्यू ओढवला की मृत्यूकडे नेणाऱ्या आजाराने आधी कृशता आणली? रक्तातील विषारी द्रव्यांमुळे अन्नावरची वासना जाते. सततच्या दाहाने स्नायू झिजतात. डायालिसिसच्या प्रत्येक वेळी अमिनो आम्ले रक्ताबरोबरच्या पाण्यातून वाहून जातात. या झिजेला २००८ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने ‘प्रथिन-ऊर्जा-क्षय’ असे नाव दिले, आणि तिच्या निकषांत २३ हून कमी निर्देशांक, १० टक्क्यांहून कमी मेद, तसेच तीन महिन्यांत ५ टक्के वा सहा महिन्यांत १० टक्के वजन नकळत उतरणे यांचा समावेश केला.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हाच पेच पडला होता आणि तो उकललाही. डायालिसिसच्या रुग्णांत कमी कोलेस्टेरॉल असलेले अधिक दगावतात, असे दिसे. २००४ साली ८२३ रुग्णांची विभागणी करून पाहण्यात आली. ज्यांना दाह वा कुपोषण नव्हते, त्यांच्यात अधिक कोलेस्टेरॉल हेच अधिक मृत्यूशी निगडित निघाले. कोलेस्टेरॉल उतरणे हे मृत्यूचे कारण नव्हते, आजाराची सावली होती. मात्र यावरून उलट टोकालाही जाऊ नये. २००५ साली जर्मनीतील १,२५५ मधुमेही डायालिसिस रुग्णांवर कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधाचा पद्धतशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल उतरले, पण हृदयविकार व त्याने होणारे मृत्यू यांत निश्चित म्हणावी अशी घट झाली नाही. निरीक्षण आणि तर्क दोन्ही अनुकूल असूनही प्रयोगाने वेगळे सांगितले.

तथापि मेदाला काहीच कर्तृत्व नाही, असेही म्हणता येत नाही. आजारात अन्न जात नाही तेव्हा साठलेला मेद ऊर्जा पुरवितो, आणि प्रथिने जाळण्याची वेळ लांबवितो. हे शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने सुसंगत आहे. दाहाचा व स्नायूंचा हिशेब वजा करूनही २००६ च्या अभ्यासात मेदाचे नाते टिकून राहिले, हे याला पोषक आहे. एवढेच की, ‘साठा उपयोगी पडतो’ हे विधान आणि ‘साठा वाढवावा’ हा उपदेश यांत अंतर आहे.

७

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. वजन उतरवा म्हणणारा आणि उतरू देऊ नका म्हणणारा, या दोघांत खरा विरोध आहे काय? वरील विवेचनावरून असे दिसते की, दोघेही ‘वजन’ हा एकच शब्द वापरीत होते आणि दोन निरनिराळ्या वस्तूंविषयी बोलत होते. पहिल्याच्या मनात सुटलेले पोट होते. दुसऱ्याच्या मनात झिजणारे स्नायू होते. पहिला दीर्घ काळाचा, कदाचित मूत्रपिंडाच्या रोपणाचाही, विचार करीत होता. निर्देशांक ३५ किंवा ४० च्या वर असल्यास रोपणास मान्यता न देणारी केंद्रे पुष्कळ आहेत. दुसरा येत्या वर्षाचा विचार करीत होता.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, उपास करून वजन उतरविणे डायालिसिसच्या रुग्णाला धोक्याचे आहे. कारण अशा वेळी मेदाबरोबर स्नायूही जातात. त्याची प्रथिनांची गरज निरोगी माणसापेक्षा अधिक असते. २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूत्रांनुसार ती शरीराच्या दर किलोग्रॅममागे रोज १.० ते १.२ ग्रॅम आहे. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने वर्ज्य, ही डायालिसिसपूर्व काळातील समजूत डायालिसिस सुरू झाल्यावरही घरोघर चालू राहते, आणि तिने नुकसान होते. दोन, पोटाचा मेद घटवावयाचा असेल तर तो वैद्याच्या व आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, स्नायू राखून, व्यायामाची जोड देऊन घटवावा. तीन, एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकड्यांच्या मालिकेला महत्त्व द्यावे. कोरडे वजन, दंडाचा घेर आणि कमरेचा घेर यांची दरमहा नोंद ठेवण्यास टेपाखेरीज काही लागत नाही. विशेषतः कोरडे वजन स्थिर दिसत असूनही दंड बारीक होत असेल, तर हरपलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली असण्याचा संभव असतो, आणि तो डॉक्टरांच्या नजरेस आणला पाहिजे. चार, युरोप-अमेरिकेतील आकडे येथे लावताना याज्ञिक-युडकिन यांचे छायाचित्र डोळ्यांपुढे ठेवावे. समान निर्देशांकाला भारतीय शरीरात मेद अधिक व स्नायू कमी असण्याचा संभव असल्यामुळे, ‘निर्देशांक बरा आहे’ या दिलाशाचे मोल येथे कमी भरते.

संशोधनाच्या दृष्टीने एक मोठे काम शिल्लक आहे. पोषण वाढवून वा व्यायाम देऊन शरीरघटकांत घडवून आणलेला बदल रुग्णाचे आयुष्य खरोखर वाढवितो काय, हे केवळ निरीक्षणाने कळणार नाही. त्यासाठी यादृच्छिक विभागणीचे, पुरेशा रुग्णसंख्येचे व पुरेशा मुदतीचे प्रयोग हवेत. तोपर्यंत ‘जगले’ या क्रियापदावर थांबावे; ‘जगविले’ म्हणण्याची घाई करू नये.

मामांच्या नोंदवहीत आता वजनाशेजारी दंडाचा आणि कमरेचा असे आणखी दोन रकाने आखले आहेत. त्यांचे दोन्ही सल्लागार ती वही पाहतात, आणि त्यांच्या सांगण्यात आता पूर्वीइतके अंतर राहिलेले नाही.